व्हीआर हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी

पहिल्यांदा व्हीआरचा हेडसेट घातला तेव्हा मी एका उंच इमारतीच्या गच्चीतून बाहेर काढलेल्या फळीवर उभा होतो. खरा उभा होतो मित्राच्या घरातल्या सतरंजीवर, पण हे पायांना कोण समजावणार? गुडघे लटपटत होते, तळहातांना घाम फुटला होता आणि आजूबाजूची मंडळी पोट धरून हसत होती. त्याच आठवड्यात मी स्वतःचा हेडसेट मागवला. पुढचा महिनाभर जो भेटेल त्याला त्या फळीवर चढवलं. तिसऱ्या महिन्यात हेडसेट कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला आणि त्याच्यावर जुनी पांघरुणं आली.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे साठेक झाले. पुढे बऱ्याच काळाने तो हेडसेट खाली उतरला आणि आता आठवड्यातून तीन-चार दिवस वापरात असतो. यंत्र तेच आहे. बदललं ते एवढंच, की आधी मी थक्क व्हायला म्हणून तो घेतला होता आणि नंतर मला त्याचं एक ठरलेलं काम सापडलं. नव्याने या वाटेला जाणाऱ्याने कोणत्या क्रमाने काय करावं, ते त्या चुकांवरून लिहितो आहे.

आधी थोडी ओळख

व्हीआर म्हणजे आभासी वास्तव. यात डोळ्यांसमोरची खोली पूर्ण झाकली जाते आणि तिच्या जागी दुसरी जागा दिसते. एआर म्हणजे संवर्धित वास्तव. यात खोली दिसत राहते, फक्त तिच्यात नसलेली एखादी वस्तू तिथे असल्यासारखी दिसते. २०१६ च्या जुलैत पोकेमॉन गो आलं आणि माणसं फोन समोर धरून रस्त्यांवर न दिसणारे प्राणी पकडत हिंडू लागली, ते एआरचंच साधं रूप.

आता ही सीमा पुसट झाली आहे. नव्या हेडसेटच्या बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात, ते खोलीचं चित्र आतल्या पडद्यावर दाखवतात. याला पासथ्रू म्हणतात. त्यामुळे एकाच यंत्रात व्हीआर आणि एआर दोन्ही मिळतं. एक लक्षात ठेवा, पासथ्रूमध्ये तुम्ही खोली पाहत नसता, खोलीचं चित्रीकरण पाहत असता. उजेड कमी झाला की त्यात रवाळपणा येतो आणि फोनवरचं बारीक अक्षर वाचताना कपाळाला आठ्या पडतात.

कल्पना मात्र बरीच जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी डोक्यावर घालायचा पडदा बनवला, पण तो इतका जड होता की छताला टांगावा लागला. १९९५ मध्ये निन्टेंडोने व्हर्च्युअल बॉय हा डोळ्यांना लावून खेळायचा संच आणला. त्यात सगळं लाल आणि काळं दिसायचं, वर्षभरातच तो गुंडाळावा लागला. २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटसाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणी झाली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. मधल्या काळात काय घडलं? स्मार्टफोन आले. त्यांच्यासाठी बारीक, दाट पडदे आणि हालचाल ओळखणारे सेन्सर ढिगाने बनू लागले. आजचा हेडसेट बऱ्याच अंशी डोळ्यांपाशी आणून बसवलेला फोनच आहे.

पायरी पहिली: खिशातल्या फोनवर एआर करून पाहा

काहीही विकत न घेता इथून सुरुवात करा. २०१७ मध्ये ॲपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर ही एआर ॲप बनवायची साधनं जाहीर केली. तेव्हापासून बऱ्याचशा फोनांत एआरची सोय असते. फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांची ॲप, मोजमापाचं ॲप, आकाशाकडे फोन धरला की ग्रह-तारे ओळखून देणारं ॲप, पाटीवरचा मजकूर जागच्या जागी भाषांतर करून दाखवणारं ॲप, यांपैकी दोन-तीन घ्या.

मग एक छोटा प्रयोग करा. जमिनीवर एक आभासी खुर्ची ठेवा, तिच्याभोवती चालून या, खोलीबाहेर जा आणि परत या. खुर्ची जागेवर असेल तर तुमचा फोन बरा आहे. वीतभर सरकली असेल किंवा हवेत तरंगत असेल तर फोनला जमीन नीट सापडलेली नाही. कॅमेऱ्यातल्या चित्रात फोन ठळक ठिपके शोधतो, जसे फरशीचे सांधे, गालिच्यावरची नक्षी, पुस्तकांच्या कडा. फोन हलला की हे ठिपके किती सरकले ते पाहून तो अंतर काढतो. पांढरीशुभ्र भिंत, काच किंवा चकचकीत गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या हाताला काहीच लागत नाही. म्हणून उजेड भरपूर ठेवा, फोन सावकाश डावी-उजवीकडे फिरवा आणि मग वस्तू ठेवा. काही महागड्या फोनांत लायडार नावाचा सेन्सर असतो. तो प्रकाश टाकून अंतर मोजतो, त्यामुळे काम लवकर होतं.

कपाट दारातून आत जाईल का, हे एआरने ठरवू नका. रंग, आकार, खोलीत कितपत जड दिसेल, एवढं त्यावर पाहावं. शेवटचं माप टेपनेच घ्यावं. मी एकदा फोनवर विसंबून एक टेबल मागवलं आणि ते दोन बोटं जास्त निघालं. दोन बोटं म्हणजे दार बंद न होण्याइतकी.

याच टप्प्यावर फोन आत सरकवून डोळ्यांना लावायचे स्वस्त डबे समोर येतील. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड काढला त्यांचे हे भाऊबंद. गूगलने स्वतः त्याची विक्री २०२१ मध्ये थांबवली. या डब्यांत मान वळवलेली कळते, पण पाऊल पुढे टाकलेलं किंवा खाली वाकलेलं कळत नाही. तुम्ही वाकता आणि जग तुमच्याबरोबर खाली येतं. पोटात ढवळायला एवढं पुरतं. गंमत म्हणून एकदा बघा, पण त्यावरून ‘व्हीआर आपल्याला सोसत नाही’ असा निकाल लावू नका.

पायरी दुसरी: उसन्या हेडसेटवर अर्धा तास

हेडसेट चपलेसारखा असतो, पायात घातल्याशिवाय कळत नाही. एखाद्या ओळखीच्याकडे, गेमिंगच्या ठिकाणी किंवा दुकानातल्या नमुन्यावर पाहा. पाच मिनिटांत प्रत्येकाला सगळंच अद्भुत वाटतं, त्यामुळे निदान अर्धा तास तरी हवा. मात्र एका दमात नाही, मध्ये मध्ये काढून.

दृश्यांकडे कमी आणि स्वतःच्या अंगाकडे जास्त लक्ष द्या. वजन गालांवर येतं आहे की कपाळावर? मेटा (फेसबुकवाली कंपनी) हिच्या क्वेस्ट ३ हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम आहे, ॲपलच्या व्हिजन प्रो हेडसेटचं ६०० ग्रॅमच्या पुढे, आणि तेही बॅटरी वेगळी खिशात ठेवून. आकडा छोटा वाटतो, पण हे वजन चेहऱ्याच्या पुढे लोंबतं आणि मान ते मागून ओढून धरत असते. मागचा पट्टा डोक्याच्या फुगवट्याखाली बसवा, वरचा पट्टा आवळा आणि बाजूचे सैल ठेवा. नवखी माणसं नेमकं उलटं करतात, बाजूचे पट्टे करकचून बांधतात आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं म्हणतात.

चित्र धूसर दिसलं तर हेडसेट वर-खाली सरकवून पाहा. भिंगाचा मध्य आणि बाहुलीचा मध्य जुळला पाहिजे. दोन बाहुल्यांमधल्या अंतराला आयपीडी म्हणतात. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण माणसामाणसांत बराच फरक पडतो. घरी मोजता येतं. आरशापुढे वीतभर अंतरावर उभे राहा, पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. मग पट्टी न हलवता डावा डोळा मिटा आणि उजव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. चष्म्याच्या दुकानातही हे माप काढून मिळतं. काही हेडसेटमध्ये भिंगं हवी तशी सरकतात, काहींत फक्त तीन ठरलेल्या जागा असतात. तुमचं माप फार कमी किंवा फार जास्त असेल तर खरेदीचा निर्णय या एका गोष्टीवर फिरू शकतो.

चष्मा असलेल्यांचा एक गोंधळ असतो: पडदा डोळ्यांपासून दोन-तीन बोटांवर, मग लांबचा चष्मा कशाला? पण भिंगांमुळे डोळ्याला ते चित्र एक-दोन मीटरवर असल्यासारखं वाटतं. म्हणून लांबचं न दिसणाऱ्यांना चष्मा सहसा लागतो आणि चाळिशीचा चष्मा बहुतेक वेळा काढून ठेवता येतो. चष्म्यासकट हेडसेट घालत असाल तर सोबत येणारी जागा वाढवणारी चौकट लावा. चष्म्याची काच भिंगाला घासली की दोन्हींवर कायमचे ओरखडे पडतात. रोज वापरणार असाल तर आपल्या नंबरची आत बसवायची भिंगं करून घेणं उत्तम.

पायरी तिसरी: काम ठरवा

एका कागदावर लिहा, ‘मी हा हेडसेट आठवड्यातून दोनदा अमुक कामासाठी वापरीन.’ अमुकच्या जागी काही सुचत नसेल तर थांबा.

काय सुचू शकतं? माझं उत्तर व्यायाम निघालं. तालावर येणारे ठोकळे हातातल्या तलवारीने कापायचे किंवा मुष्टियुद्ध करायचं. वीस मिनिटांत अंगरखा भिजतो आणि व्यायाम केल्याचं ध्यानातही येत नाही. विमान किंवा गाडी चालवण्याचे सिम्युलेटर ज्यांना आवडतात त्यांना साध्या पडद्याकडे परत जाववत नाही, कारण मान वळवून खिडकीबाहेर बघता येतं. त्रिमितीत चित्र काढणं, शिल्प घडवणं हेही माझ्या मते व्हीआरच्या अस्सल कामांपैकी एक आहे. पडद्यावर माउसने मातीकाम करणं आणि हवेत हात फिरवून करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकट्याने मोठ्या पडद्यावर सिनेमा पाहणारे पुष्कळ आहेत, त्यांना जागा कमी लागते आणि मळमळही होत नाही. दूरदेशीच्या मित्राबरोबर एका टेबलाशी बसून खेळ खेळणं मला आधी पोरकट वाटायचं. पण व्हिडिओ कॉलवर माणूस चौकोनात दिसतो, इथे तो शेजारी असतो. आवाज उजवीकडून येतो म्हणून मान उजवीकडे वळते, हे छोटं आहे पण मनाला फसवायला पुरेसं आहे.

औषधोपचारातही याचा उपयोग होतो. उंचीच्या भीतीवर व्हीआरचा वापर १९९० च्या दशकापासून अभ्यासला जातो आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी एका व्हीआर कार्यक्रमाला आणि लहान मुलांच्या मंद डोळ्यासाठी (लेझी आय) दुसऱ्या एकाला परवानगी दिली. पण ही डॉक्टरांच्या देखरेखीची कामं आहेत. ॲपच्या दुकानात ‘चिंता घालवा’ म्हणणारं जे जे दिसेल ते औषध नव्हे.

कशासाठी घेऊ नये? दिवसभर ऑफिसचं काम करायला. जाहिरातीत हवेत तरंगणारे पाच पडदे छान दिसतात, पण अक्षरांचं गणित जमत नाही. निरोगी डोळ्याला नजरेच्या दर अंशामागे साधारण ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा कळतो. क्वेस्ट ३ मध्ये दर अंशामागे २५ च्या आसपास पिक्सेल असतात. म्हणजे समोरचा आभासी मॉनिटर तुमच्या टेबलावरच्या साध्या मॉनिटरपेक्षा ढोबळच दिसणार. महागड्या यंत्रांत हे बरंच सुधारलं आहे, वजन मात्र बहुतेकांचं सुधारलेलं नाही. तासाभराचं वाचन ठीक, आठ तासांचं नको.

पायरी चौथी: यंत्र निवडा

बाजारातले प्रकार ढोबळमानाने चार. स्वतंत्र हेडसेटमध्ये सगळं आतच असतं, तार नसते. नवख्याने हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा संगणकाला जोडायचा. चित्र सुरेख, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आधीच घरात हवा. तिसरा गेमिंग कन्सोलचा, तो त्या कन्सोलवाल्यांसाठी. चौथा प्रकार चष्म्यांचा आणि त्यात फसगत फार होते. काही चष्मे म्हणजे नाकावर बसवलेला टीव्ही असतो, फोन किंवा लॅपटॉपला तारेने जोडायचा. काहींत पडदाच नसतो, फक्त कॅमेरा, स्पीकर आणि माइक. दोन्हींना दुकानदार ‘एआर चष्मा’ म्हणतात. विचारा, ‘यात डोळ्यांसमोर काही दिसतं का? आणि दिसलेलं खोलीत एका जागी स्थिर राहतं का?’ दोन्हीला हो मिळालं तरच तो पूर्ण अर्थाने एआर.

तांत्रिक तक्त्यातल्या मोजक्याच ओळी वाचा. चालणं-वाकणं ओळखतो का, हे पहिलं. भिंगांमधलं अंतर कसं बदलतं, हे दुसरं. पडदा सेकंदाला निदान ९० वेळा चित्र बदलू शकतो का, हे तिसरं. भिंगं जुन्या पद्धतीची फ्रेनेल आहेत की नवी पॅनकेक, तेही पाहा. पॅनकेक भिंगांमुळे हेडसेट बारीक होतो आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ राहतं. बॅटरी दोन तासांच्या आसपास चालते, हे जवळपास सगळ्यांचं रडगाणं आहे. मी मात्र याला तोटा म्हणत नाही, दोन तासांनंतर तो काढायलाच हवा.

तक्त्यात न लिहिलेली ओळ सगळ्यांत महत्त्वाची: कंपनी हे यंत्र किती वर्षं पोसणार? गूगलने २०१६ मध्ये आणलेली डेड्रीम ही फोनवरच्या व्हीआरची सोय २०१९ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटीसाठी अनेक कंपन्यांनी हेडसेट बनवले होते, २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकली गेली. अल्टस्पेस व्हीआर या गप्पांच्या जागेत लोकांनी वर्षानुवर्षं कार्यक्रम केले, मार्च २०२३ मध्ये तिला टाळं लागलं. हेडसेट म्हणजे नुसतं यंत्र नसतं. त्यामागचं खातं, ॲपचं दुकान, अपडेट हे सगळं चालू राहिलं तरच ते चालतं. एका कंपनीच्या दुकानात घेतलेले खेळ सहसा दुसऱ्या कंपनीच्या हेडसेटवर जात नाहीत. म्हणून पहिल्या महिन्यात दोन-तीनपेक्षा जास्त खेळ विकत घेऊ नका.

वापरलेला हेडसेट घेत असाल तर तो चालू करून, पांढऱ्या पडद्यावर भिंगं आणि पडदा नीट निरखा. काळा किंवा पिवळट डाग दिसला तर सोडून द्या, तो उन्हाचा चटका आहे आणि दुरुस्त होत नाही. आधीच्या मालकाचं खातं काढलेलं आहे याची समोरासमोर खात्री करा.

पायरी पाचवी: जागा करा

उभं राहून हिंडायचं तर साधारण दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा लागते. हेडसेट तुम्हाला जमिनीवर सीमारेषा आखायला सांगतो आणि तुम्ही जवळ गेलात की जाळी दाखवतो. ही रेषा भिंतीपासून हातभर आत आखा, कारण जाळी दिसेपर्यंत जोरात फेकलेला हात पोहोचलेला असतो. वर पाहायला विसरू नका. पंखा, लोंबता दिवा, माळ्याची कड, हे सगळं सीमारेषेच्या बाहेरचं वाटतं आणि हात वर करताच आत येतं. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला याची चांगली आठवण आहे.

जमिनीवर एक छोटी गोल चटई टाका आणि अनवाणी उभे राहा. पायांना चटई लागते तोवर तुम्ही मध्यावर आहात. एवढ्या साध्या उपायाने माझ्या निम्म्या धडका थांबल्या. हातात धरायच्या कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवल्याशिवाय खेळ सुरू करायचा नाही. घरात लहान मूल किंवा पाळीव प्राणी असेल तर दार लावून घ्या, ते नेमके गुडघ्याच्या उंचीवर येतात आणि तुम्हाला दिसत नाहीत.

उजेड मध्यम हवा. अंधारात कॅमेऱ्यांना काही सापडत नाही, कडक उन्हात ते गोंधळतात. आणि ऊन थेट भिंगांवर कधीही पडू देऊ नका. भिंग वाढवून दाखवतं तसंच ऊन गोळाही करतं. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर पडद्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पायरी सहावी: पहिले दोन आठवडे

गाडी लागते तशी व्हीआरही लागते. गाडीत शरीर हललेलं कानाला कळतं आणि पुस्तकात घातलेल्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. व्हीआरमध्ये उलटं, डोळे धावत असतात आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, आपण तर उभे आहोत. मेंदू या भांडणाचा निकाल पोटावर काढतो. यंत्राचा उशीरही यात भर घालतो. मान वळल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर बऱ्याच जणांना जाणवतं.

म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त असे खेळ आणि ॲप घ्या ज्यांत तुम्ही खरोखर हलता तेवढंच आत हलता. तालाचे ठोकळे, चित्रकला, कोडी, बसून पाहायचं काहीही. एकावेळी दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात कंट्रोलरने दाखवलेल्या जागी एकदम जाऊन पोहोचण्याची पद्धत वापरून पाहा. कंट्रोलरवरची दांडी अंगठ्याने ढकलून सरकत चालणं सगळ्यात शेवटी, तेही बसून आणि चालताना दृश्याच्या कडा काळ्या करण्याची सोय चालू ठेवून. रोलर कोस्टर कुणी पहिल्याच दिवशी दाखवायला आलं तर नम्रपणे नकार द्या. पाहुण्यांना गंमत म्हणून हेच दाखवलं जातं आणि त्यांतले बरेच जण पुन्हा कधी हेडसेटला हात लावत नाहीत.

कपाळ गरम वाटणं, तोंडाला पाणी सुटणं, जांभया, ही पहिली चिन्हं. त्याच क्षणी काढा. ‘थोडं सोसलं की सवय होते’ हा सल्ला चुकीचा आहे, सवय होते ती बरं वाटत असताना थांबल्याने. ताणून धरलं तर शरीर हेडसेटच्या वासाशीच मळमळ जोडून टाकतं. समोर एक छोटा पंखा लावला तर वाराही मिळतो आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून आहोत तेही कळतं. भरल्या पोटी खेळू नका. आणि खेळून उठल्यावर लगेच गाडी चालवायला बसू नका, काही काळ हात-डोळ्यांचा मेळ किंचित हललेला असतो.

डोळ्यांच्या थकव्याचं कारण वेगळं आहे. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि त्याच वेळी आतलं भिंगही जवळ जुळवून घेतं. हेडसेटमध्ये डोळे वळतात, पण प्रकाश मात्र एकाच ठरलेल्या अंतरावरून आल्यासारखा येतो. ही जोडी तुटली की डोळे शिणतात. आभासी वस्तू चेहऱ्यापाशी आणून निरखणं टाळा, हातभर लांब धरा. दर अर्ध्या तासाने हेडसेट काढून खिडकीबाहेर दूर पाहा.

फेफरं येण्याचा इतिहास, डोळ्यांचा आजार किंवा तोल जाण्याचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उत्पादकांच्या पुस्तिकेत हे सगळं लिहिलेलं असतं, पण ती पुस्तिका कोण वाचतं!

मुलांबद्दल दोन शब्द. मेटाने १३ वर्षांची अट २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यांसाठी १० वर आणली. वय बसलं तरी हेडसेट बसेलच असं नाही, लहान चेहऱ्यावर भिंगांचं अंतर जुळत नाही. मूल काय पाहतं आहे ते फोनवर किंवा टीव्हीवर दाखवण्याची सोय असते, ती नेहमी चालू ठेवा. आणि अनोळखी लोकांच्या गप्पांच्या जागा मुलांसाठी बंद ठेवा. तिथे अंगावर येणं, घेरणं हे प्रकार होतात आणि व्हीआरमध्ये ते चॅटमधल्या शिवीपेक्षा जास्त अंगाला लागतात. अशाच तक्रारींनंतर मेटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या सामाजिक जागांत माणसांभोवती अदृश्य अंतर राखण्याची सोय केली. मोठ्यांनीही कोणाला म्यूट कसं करायचं आणि ब्लॉक कसं करायचं हे आत शिरण्याआधी शिकून घ्यावं.

पायरी सातवी: हेडसेट तुमच्याकडे काय पाहतो

हेडसेटला तुमच्या खोलीचा नकाशा माहीत असतो, तुमची उंची माहीत असते, हातांची लांबी माहीत असते. काहींना नजर कुठे रेंगाळते तेही कळतं. नाव लपवलं तरी चाल लपत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५११ जणांना ३६० अंशांचे व्हिडिओ दाखवले. डोकं आणि हात कसे हलतात याच्या पाच मिनिटांहून कमी नोंदीवरून ९५ टक्के वेळा माणूस अचूक ओळखता आला. लोक शांतपणे व्हिडिओ पाहत होते, खेळतही नव्हते.

यावर पूर्ण उपाय नाही, पण दार थोडं लोटून घेता येतं. पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन नजरेचा मागोवा बंद करा आणि एखाद्या ॲपला खरंच गरज असेल तेव्हाच चालू करा. मागोमाग जास्तीची माहिती पाठवण्याचा पर्याय, माइकची आणि खोलीच्या नकाशाची परवानगी, प्रोफाइल कोणाला दिसते, हे तपासा. वेगळा ईमेल वापरून खातं उघडा.

कॅमेऱ्याच्या चष्म्यांचा प्रश्न उलटा आहे, तिथे दुसऱ्यांची माहिती तुमच्या नाकावर असते. गूगल ग्लास या कॅमेऱ्याच्या चष्म्याचं २०१३ नंतर जे झालं त्यात किंमत आणि बॅटरीइतकाच, समोर बसलेल्यांना वाटणारा अवघडलेपणाही होता. जानेवारी २०१५ मध्ये ग्राहकांसाठीची विक्री थांबली. आजच्या चष्म्यांत चित्रीकरण चालू असताना बारीक दिवा लागतो, पण समोरच्याला त्याचा अर्थ माहीत असेलच असं नाही. सांगून टाका, नाहीतर काढून खिशात ठेवा. स्वच्छतागृह, दवाखाना, शाळा, कपडे बदलायची जागा इथे तो चेहऱ्यावर नकोच.

रोजची निगा, आणि महिन्याच्या शेवटी

भिंगं कोरड्या मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने, मध्यापासून कडेकडे गोल पुसा. अल्कोहोल, काच पुसण्याचा फवारा, सदऱ्याचं टोक, सगळं वर्ज्य. चेहऱ्याला टेकणारी गादी घाम शोषते. सिलिकॉनचं आवरण घ्या आणि प्रत्येक वापरानंतर पुसा. त्वचेला खाज किंवा लाली आली तर दुर्लक्ष करू नका, २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोमच्या गाद्या अशाच तक्रारींमुळे परत मागवल्या गेल्या होत्या. एका घरात दोघे-तिघे वापरत असतील तर प्रत्येकाची गादी वेगळी ठेवा. बराच काळ बाजूला ठेवायचा असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून ठेवा, पूर्ण रिकामी नको.

आणि तिसऱ्या पायरीतला तो कागद जपून ठेवा. ज्या दिवशी हेडसेट घातला त्या दिवशी त्यावर एक रेघ मारा. महिन्यात आठ रेघा झाल्या तर आता दुसरा खेळ घ्यायला हरकत नाही. तीन-चारच झाल्या तर कामच बदलून पाहा, मी सिनेमावरून व्यायामावर आलो तसं. दुसऱ्या महिन्यातही तेच, तर यंत्र नवं दिसतं आहे तोवर विका. त्याआधी तुमचं खातं काढून टाका, खोलीच्या नकाशासकट सगळं पुसून मूळ स्थितीत आणा, आणि भिंगांवर झाकण लावायला विसरू नका. मूळ खोकं असेल तर ते घेणाऱ्याला द्या. नसेल तर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून द्या, पांघरुणांखाली वर्षभर राहण्यापेक्षा ते बरं.